कुणाच्या नावे

आमच्या ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत एक पोलादी पट्टी आहे. दिसायला कुठल्याही फूटपट्टीसारखी, पण खोटी. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा अष्टमांश इंचानं जास्त भरतो. हे पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं सागवानाचे पॅटर्न केले; पंपाच्या बॉडीचे, गिअरबॉक्सचे, व्हॉल्व्हचे. बिडाचा रस साच्यात थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरावा लागतो, आणि दर मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीच तशी घडवलेली असते. लग्न होऊन आल्यावर मी त्या पट्टीनं खिडकीचं माप घेतलं आणि पडदे लांब झाले. हे म्हणाले, "थंड झाल्यावर बरोबर येतील की."

मी बँकेत होते. लक्ष्मीपुरीतल्या एका सहकारी बँकेत बत्तीस वर्षं, त्यातली निम्मी कॅशला. तिथं संध्याकाळी पैशाला पैसा जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही सवय मला ह्यांच्या आजारपणात फार नडली.

ह्यांचं घराणं सत्यशोधक. शाहू महाराजांच्या पाठबळानं १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज सुरू झाला, त्यात ह्यांचे आजोबा होते. भास्करराव जाधवांचं 'घरचा पुरोहित', म्हणजे भटजीवाचून घरातली कार्यं कशी करायची ते सांगणारं पुस्तक, आमच्याकडं अजून आहे. पानं सुटी झालीत, दोऱ्यानं बांधून ठेवलंय. आजोबा देव मानायचे, मधला दलाल तेवढा मानत नव्हते. फुल्यांचंही तेच; त्यांचा निर्मीक होताच. ह्यांनी मात्र पुढची मजल मारून निर्मीकही काढून टाकला.

माझं माहेर गंगावेशीतलं. आईच्या कडेवर बसून दर शुक्रवारी अंबाबाईला जायचं, हे मला चालायला यायच्या आधीपासूनचं. लग्नानंतर ह्यांनी कधी अडवलं नाही. महाद्वारापर्यंत यायचे, माझ्या चपला हातात घेऊन बाहेर पेपर वाचत उभे राहायचे. मी प्रसादाचा पेढा द्यायची, तो खायचे. "पेढ्याशी माझं भांडण न्हाई," म्हणायचे.

वाद व्हायचा तो आत्म्यावरून. डॉ. आ. ह. साळुंखे यांचं चार्वाकावरचं पुस्तक त्यांनी पेन्सिलीच्या खुणा करून करून वाचलेलं. चार्वाकांचा एक जुना दाखला आहे; ज्या जिनसांत सुट्यासुट्या नशा नसते त्या एकत्र आंबवल्या की नशा येते, तशीच जड भूतांतून जाणीव उपजते. हे तो कोल्हापुरी करून सांगायचे. "गुळात नशा असती काय? पाण्यात? न्हाई. सडवलं की येती. डोक्याचंबी तसंच हाय. भट्टी विझली की नशा कुठं जाती म्हणून कुणी विचारतंय काय?" मी म्हणायची, तुमची भट्टी विझेल तेव्हा बघू.

१६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला ते गेले. त्याच आठवड्यात ह्यांनी ड्रॉइंगच्या कागदावर शाईनं पाच ओळी लिहिल्या. माझे दिवस घालायचे नाहीत. पिंड ठेवायचा नाही, कावळ्याची वाट बघायची नाही. रक्षा नदीत न सोडता झाडाच्या बुडात घालायची. बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मडकं मुलीनं धरायचं. खाली सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून माझी सही. आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या या रूढी बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये केला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात नाव झालं. हे पेपर वाचून म्हणाले, "सात वर्षं उशीर केला लेकांनी." वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून येणारी बाई मी, आणि त्या कागदावर माझी सही. सही करताना मनात एकच होतं, हे काय माझ्या आधी जायचे नाहीत.

२०२२ च्याच दिवाळीत ह्यांना वास यायला लागला. फराळ तळत असताना म्हणाले, कोअर भाजल्याचा वास येतोय. फाउंड्रीत वाळूचे कोअर भट्टीत भाजतात, त्याला तेलकट करपट वास असतो. मला काहीच येत नव्हता. मिनिटभर टिकायचा आणि जायचा. जानेवारीत जेवताना हातातला घास तसाच राहिला, डोळे एकीकडं वळले, आणि फिट आली. एमआरआयमध्ये उजव्या कानाच्या वरच्या अंगाला, टेम्पोरल लोबमध्ये, लिंबाएवढी गाठ निघाली. तो वास म्हणजे त्या गाठीनं दिलेली वर्दी होती.

ऑपरेशन कोल्हापुरातच झालं. ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड चार. दुसरं मत घ्यावं म्हणून मी आणि मुलगी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परळला टाटा हॉस्पिटलला गेलो. तिथं पुन्हा तपासायला काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक न्यावे लागतात. काढलेल्या गाठीचा बारका तुकडा मेणाच्या चौकोनी वडीत बसवलेला असतो. रात्रभर तो माझ्या पर्समध्ये होता; रेल्वेचं तिकीट, ह्यांचं आधार कार्ड आणि ह्यांचं डोकं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्यानंतर त्यांचे पती दोराबजींनी ठेवलेल्या पैशातून १९४१ मध्ये हे हॉस्पिटल उभं राहिलं. त्यांनाही जोडीदाराचंच दुखणं. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या बायकांकडं बघताना त्या माणसाला मनोमन हात जोडले. मत तेच आलं.

उपचाराची पद्धत जगभर साधारण एकच आहे. २००५ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हापासूनची. सहा आठवड्यांत तीस वेळा किरणांचा शेक, मिळून साठ ग्रे, सोबत रोज टेमोझोलोमाइडची कॅप्सूल. मग महिन्यातून पाच दिवस तीच कॅप्सूल जास्त ताकदीची. नुसत्या शेकानं निम्मे रुग्ण १२.१ महिने काढत होते, कॅप्सूल जोडल्यावर १४.६. मुलीनं सांगितलं तेव्हा मी वजाबाकी केली. अडीच महिने. पण दोन वर्षं जगणारे दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेले हेही तिनं सांगितलं, आणि मी त्या सव्विसात ह्यांना बसवून टाकलं.

शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा जाळीदार मुखवटा करतात. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर ताणतात, थंड झाली की चेहऱ्याचा साचा तयार. ह्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, नाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "झ्याक काढलाय." तिसऱ्या आठवड्यात मुखवटा बसेना. मेंदूची सूज उतरवायला डेक्सा चालू होतं, त्या स्टेरॉइडनं तोंड सुजून गोल झालेलं. जाळीचे वळ गालावर घेऊन हे बाहेर यायचे. "श्रिंकेज धरलं, फुगवटा धरला न्हाई यांनी," म्हणाले. ते पूर्वीच्या आवाजात बोललेलं शेवटचं वाक्य असावं. पक्कं सांगता येत नाही, कारण तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. डेक्सानं साखर चारशेच्या पुढं गेली, मी इन्सुलिन टोचायला शिकले. रात्री दोनला उठून हे भाकरी मागायचे. मांड्यांतली ताकद गेली, पाटावरून उठवायला दोघं लागायचे. आणि राग. ज्या माणसानं चाळीस वर्षांत मला 'अगं' च्या पलीकडं हाक मारली नाही, त्यानं स्टीलची वाटी फेकून मारली. भुवईवर अजून खूण आहे. बँकेतून पैसे खाऊन माहेरी घातलेस म्हणाले. शेजारच्या काकी दार लावून घ्यायच्या, मला ऐकू येऊ नये म्हणून की त्यांना, कोण जाणे.

फिट येऊ नये म्हणून जी गोळी देतात तिनं काही जणांना असा राग येतो, हे आम्हाला दोन महिने कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि आठ दिवसांत आवाज खाली आला. तोवर मी रोज रात्री अंथरुणावर पडून नवऱ्याला माफ करत होते. माफ करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, गोळीच्या पाकिटात होतं सगळं.

त्या दिवसापासून मी हिशेब ठेवायला लागले. आधी मनात, मग बँकेची जुनी डायरी काढून. शिवी गोळीच्या नावे. भूक डेक्साच्या नावे. मुलीचं नाव विसरले ते गाठीच्या नावे. आणि मायेचा शब्द आला की ह्यांच्या जमेला. एका पहाटे तीनला जागे होते, मी पाय चेपत होते, तर म्हणाले, "तुझ्या चपला धरून उभं राहायला मला आवडायचं गं." त्या दिवशी डेक्साचा डोस आठ मिलिग्रॅम होता. झोप नाही, डोकं भरधाव, तोंडाला लगाम नाही, हे सगळं त्याच गोळीचं. तरी ते वाक्य मी न तपासता ह्यांच्या जमेला धरलं. असल्या खतावणीवर आमच्या ऑडिटरनं लाल शाई ओतली असती.

मे महिन्यात हे आरतीला उभे राहिले.

मी संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावते. त्या दिवशी मागं टाळी ऐकू आली. बघते तर चौकटीला धरून उभे, डोळे मिटलेले, टाळी तालाला सोडून पण चालू. शब्द येत होते. लहानपणी तालमीच्या गणपतीत पाठ झालेले असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. मग कपाळाला कुंकू लावून घ्यायचे. मग धाकट्या जावेकडून ताईत बांधून घेतला. सगळ्या घरादारात आनंद. जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमची पुण्याई. आईनं वळवलं बघा." दिरांनी जोतिबाला जाऊन गुलाल उधळला.

मला आनंद व्हायला हवा होता. चाळीस वर्षं जे मनोमन मागितलं ते घरात चालत आलं होतं. पण मला भीती वाटली.

कारण सरळ आहे. डोक्यातला लिंबाएवढा भाग काढला, बाकीच्यावर साठ ग्रे शेक दिला आणि नास्तिक माणूस आस्तिक झाला, तर मग खरं कोण ठरलं? ह्यांचंच म्हणणं. भट्टी बदलली, नशा बदलली. ह्यांनी हात जोडणं हाच ह्यांच्या चार्वाकाचा पुरावा होता. उलट माझं म्हणणं धरलं, की आत्मा या सगळ्यापासून वेगळा, त्याला सुरी लागत नाही, शेक लागत नाही, तर मग ही भक्ती आत्म्याची नव्हेच, ती जखमेची. कुठल्याही बाजूनं बेरीज करा, आरतीची किंमत शून्य येत होती.

माझा थोरला भाऊ गीता सांगतो. त्यानं मला जुन्या वस्त्रांचा दाखला दिला, शरीर बदलतं, आतला तोच. मी विचारलं, "दादा, अंगरखा बदलला तर घालणारा बायकोचं नाव विसरतो काय रे?" तो गप्प बसला. पण त्याच्यामुळं मी गीता पुन्हा उघडली, आणि तेराव्या अध्यायात जे आहे ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. क्षेत्र म्हणजे शेत, आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. आम्ही समजतो शेत म्हणजे देह, हाडंमांस. तिथं तर बुद्धी, अहंकार, मन, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, चेतना आणि धीरसुद्धा शेतातच मोजलेत. म्हणजे ह्यांचा विनोद शेतातला. पॅटर्नवरून फिरणारं बोट शेतातलं. माझ्यावरचं प्रेमही शेतातलंच, बांधाच्या आत. बांधावर उभा राहून बघणारा जो कुणी, त्याच्याशी माझं लग्न झालेलंच नाही. मी त्याला कधी भेटलेलेसुद्धा नाही. जे मला हवं होतं ते सगळं नासणारं होतं, असं खुद्द गीताच म्हणते. चार्वाक आणि गीता एवढ्यापुरते एकाच बाकावर बसतात, हे ह्यांना सांगायला हवं होतं. सांगितलंही. हे म्हणाले, "आरतीची वेळ झाली काय?"

मुलीला वाचायची सवय, तिनं दोन गोष्टी शोधून सांगितल्या. अमेरिकेतल्या नॉर्मन गेश्विंड नावाच्या मेंदूतज्ज्ञानं १९७५ च्या सुमाराला लिहून ठेवलंय, की टेम्पोरल लोबमधून फिट येणारे काही रुग्ण एकाएकी धर्माकडं ओढले जातात. इटलीतल्या उदिने इथं मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या ८८ जणांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. मेंदूच्या मागच्या वरच्या भागातली गाठ काढलेल्यांत आपण आपल्यापलीकडच्या कशाशी जोडलेले आहोत ही भावना वाढलेली दिसली. मुलगी म्हणाली, "आई, हे माहीत असलेलं आहे. लक्षण आहे." तिला वाटलं मला हलकं वाटेल.

तरी मी पडताळा घेतला. डायरीत रकाने आखले. तारीख, डेक्साचा डोस, साखर, झोप, राग आणि शेवटचा रकाना आरती, होय की नाही. डॉक्टर डोस उतरवत आणत होते. आठवरून चार, चारवरून दोन. देव डोसावर चालतो का, ते मला बघायचं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. आठला आरती होय, राग होय. चारला राग कमी, भूक कमी, आरती होय. दोनला झोप लागायला लागली, तोंड उतरलं, जुने ह्यांचे गाल दिसायला लागले, आणि आरती होय. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस डोस शून्य. त्या पंधरांतले चौदा दिवस होय. एक दिवस नाही, कारण दिवे गेले होते आणि हे आठ वाजताच झोपले.

म्हणजे डेक्सा सुटलं. राहिली गाठ, राहिला शेक आणि राहिले हे स्वतः. या तिघांना वेगळं करायला कुठलीच गोळी कमी करता येत नव्हती.

आणि मग नवरात्रात तो रकाना भरताना एक गोष्ट डोक्यात आली, ती आजतागायत गेलेली नाही. माझ्या रकान्यात काय आहे? मी अंबाबाईला का जाते? आईनं कडेवरून नेलं म्हणून. चार वर्षांच्या पोरीच्या मऊ डोक्यात कापराचा वास, घंटा, गर्दीत आईचा घट्ट हात हे सगळं एकत्र आंबलं आणि श्रद्धा झाली. तिला कोण लक्षण म्हणत नाही, कारण ते कापून घातलेलं नाही, दुधातून पाजलेलं आहे. ह्यांची नास्तिकताही आजोबांच्या मांडीवरून आलेली. कुठून आली हे विचारून श्रद्धा खोटी ठरत असेल तर आमच्या पेठेत एकही खरी सापडायची नाही. फुल्यांना जुलै १८८८ मध्ये पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं. त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहून काढलं, ते त्यांच्या मागं १८९१ मध्ये छापून आलं. तेही आजारी मेंदूतूनच उतरलं की. ते पुस्तक पक्षाघाताचं आहे असं ह्यांना कुणी म्हटलं असतं तर ह्यांनी त्याला उभा केला नसता.

तेव्हा मी आरतीचा रकाना ह्यांच्या जमेला टाकला. पण मग वाटीही टाकावी लागली. बँकेतून पैसे खाल्लेस हेही. गोड तेवढं माणसाचं आणि कडू तेवढं गाठीचं, ही खतावणी मला बंद करावी लागली. डायरी तिथंच थांबते.

नोव्हेंबरात किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. हवेत बाष्प असलं, धूळ असली, वाटेत कुणाचं बांधकाम आडवं आलं, तर किरणं अडतात. पूर्वी हे मला कागदावर कोन काढून दाखवायचे, "सूर्य आपल्या वाटेनं चाललाय, बांधणाऱ्या गवंड्याला हात जोड." त्या वर्षी गर्दीत नेण्यासारखी स्थिती नव्हती, घरी टीव्हीवर लावलं. किरणं कुठवर पोचली मला सांगता येणार नाही, मी ह्यांच्याकडं बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर काहीतरी मापत होती. दोन्ही एकाच वेळी.

दिवाळीनंतरच्या एमआरआयमध्ये पांढरा डाग आला. डॉक्टर म्हणाले, "काकू, ही गाठ परत आली असेल, नाहीतर शेकानं मेलेला भाग असेल. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात." आजार की उपचार, हे त्यांनाही ओळखता येत नव्हतं. मला हसू आलं, त्यांना ते विचित्र वाटलं असणार. मी सहा महिने त्याच प्रश्नावर बसले होते. डेक्सा पुन्हा चालू झालं. त्या आठवड्यात मी एकटी अंबाबाईला गेले आणि म्हणाले, आई, सोडव. कुणाला ते म्हणाले नाही. मला ठरवता आलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी, डोकं अगदी स्वच्छ असताना, हे म्हणाले, "माझं सगळं रीतसर कर. दिवस घाल. काय ठेवू नगंस." मी म्हणाले, "करते." वर्षभर मी कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

आता माझ्याकडं दोन शब्द होते. एक कागदावर, माझ्या सहीनिशी. एक तोंडी.

बँकेत नमुना सहीचं कार्ड असतं. चेक आला की सही कार्डाशी ताडायची. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, सही जुळत नाही, चेक परत. माणूस काउंटरपुढं उभा असतो. "अहो ताई, मीच की हा, बघा की माझ्याकडं." आणि आम्ही माणसावर नाही, वीस वर्षांपूर्वीच्या कार्डावर विश्वास ठेवायचो. किती जणांना परत पाठवलं त्याची गणती नाही. त्या न्यायानं कागद खरा. पण ते बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं.

मी कागद पाळायचा ठरवला, ते वेगळ्या कारणासाठी. दिवस घालावेत असं मलाच वाटत होतं. दिरांना, जावेला, दादाला, सगळ्यांना तेच हवं होतं. दिवस घातले असते तर मला एक शब्दही ऐकावा लागला नसता आणि रात्री झोप लागली असती. माझ्या इतक्या सोयीचा कौल देवीनं दिला असं मानायला मन धजेना. तो खराही असेल. पण ऐकणारी मी होते, आणि माझा कान कुठल्या बाजूला कललाय ते मला माहीत होतं. कागदात माझ्या सोयीचं काही नव्हतं, म्हणून तो नीट ऐकू आला.

फुल्यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केलं, त्यात आपल्याला मिठात घालून पुरावं असं लिहिलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. दहन करावं लागलं. टिटवं, म्हणजे मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं त्यांनी धरलं. सत्यवानाच्या सावित्रीनं यमाकडून अख्खा नवरा परत मिळवला, गोष्ट संपली. या दुसऱ्या सावित्रीला कागदातलं मुख्य कलमच पाळता आलं नाही. जे हाताशी उरलं ते तिनं धरलं. दर वटपौर्णिमेला मी ऐकली ती पहिलीची गोष्ट.

हे मे २०२४ मध्ये गेले. सोळा महिने झाले होते. शेवटी छातीत कफ भरला, व्हेंटिलेटर लावायचा का असं विचारलं. कागदात त्याबद्दल ओळ नव्हती. मी आणि मुलगी दोघींनी नको म्हटलं आणि एकमेकींकडं बघितलं नाही.

पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. शेणी लोक देतात; होळीला कोल्हापुरात होळी लहान करून शेणी स्मशानाला दान करतात. हे दर होळीला सायकलवरून दोन पोती नेऊन द्यायचे. मडकं मुलीनं धरलं. माझं कुंकू कुणी पुसलं नाही. एक हात पुढं आला होता, मुलीनं धरला. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला दिरांनी मला न सांगता नैवेद्याचं पान आणलंच. पान नीट मांडायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांचे डोळे भरले, मागं काही इच्छा राहिली नाही म्हणाले. घाटावरच्या त्या कावळ्यांना रोज सकाळी नऊची सवय आहे. रक्षा आम्ही वडणगेच्या शेतात आंब्याच्या बुडात घातली. दिवस घातले नाहीत. दीर वर्षभर आमच्याकडं जेवले नाहीत.

'करते' म्हणाले होते, ते मी केलं नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेक परत केला. रोज संध्याकाळी दिवा लावताना मागं टाळी नसते तेव्हा ते मला आठवतं, आणि त्याला उत्तर नाही.

माझा कागद मी यंदा केला. असाध्य आजारात काय उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ पासून त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापुढं जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. व्हेंटिलेटरची ओळ त्यात पहिली घातली. शेवटची ओळ अशी, की माझे दिवस रीतसर घालावेत, पिंड ठेवावा, रक्षा पंचगंगेत सोडावी. मुलगी तिच्या बापासारखी, तिचा यातल्या कशावरच विश्वास नाही. तिनं कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "आई, पुढं तू काही वेगळं म्हणायला लागलीस तर?"